एक्स-रे वाचताना आमचे डोळे काय करतात

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यवाहांनी आम्हा दोघांना बोलावलं तेव्हा ‘आरोग्याविषयी काहीतरी सांगा’ एवढंच सांगितलं होतं. मधुमेह गेल्या वर्षी झाला, गुडघे त्याच्या आधी. आम्ही नवरा-बायको दोघंही रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआय यांची चित्रं वाचून रिपोर्ट लिहिणारे. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी आमची सही असेल, पण आम्हाला पाहिलेलं नसेल. फोटो काढणारा टेक्निशियन आपल्याला भेटतो, औषध लिहून देणारा डॉक्टर भेटतो. मधल्या अंधाऱ्या खोलीतला माणूस भेटत नाही. तो तिथं बसून काय करतो, आणि चुकतो तेव्हा कसा चुकतो, ते आज सांगायचं आहे. माइकवर एकच जण आहे, पण मजकूर दोघांचा आहे. वाक्यावाक्याला भांडून ठरवलेला.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी, गणपती आठ दिवसांवर आले होते, तेव्हा आपल्यातल्याच एक काकू माळ्यावरून पितळेच्या समया काढताना स्टुलावरून पडल्या. ‘आपल्यातल्याच’ म्हटल्याबरोबर माना वळल्या. कृपा करून वळवू नका. आम्ही त्यांची परवानगी घेतली आहे. त्या म्हणाल्या, “सांगा रे, पण नाव घेऊ नका. नाहीतर उद्यापासून सगळे चौकशीला येतील आणि मलाच चहा करत बसावं लागेल.”

आम्ही तेव्हा ज्या रुग्णालयात होतो तिथं त्यांचा छातीचा एक्स-रे काढला. कागदावर लिहिलं होतं, पडल्या, डाव्या बाजूला दुखतंय. संध्याकाळची वेळ, दिवसभरात ढीगभर फिल्म वाचून झालेल्या. डाव्या बाजूच्या दोन बरगड्यांना चीर होती, स्पष्ट दिसणारी. रिपोर्ट लिहिला, सही केली. काकूंना पट्टा आणि वेदनाशामक गोळ्या मिळाल्या, आणि गौरीच्या जेवणाला त्या वाढायलाही उभ्या होत्या.

चौदा महिन्यांनी त्यांना न थांबणारा खोकला झाला. सीटी केलं तर उजव्या फुप्फुसात वरच्या टोकाला सुपारीएवढी गाठ. आम्ही जुना एक्स-रे काढून पाहिला. ती तिथंच होती. करंगळीच्या नखाएवढी, गळ्याच्या हाडामागे अर्धी झाकलेली. एकदा माहीत झाल्यावर ती इतकी ठळक दिसत होती की आमचा आमच्यावर विश्वास बसेना.

तो रिपोर्ट आमच्यापैकी कोणी लिहिला होता ते सांगणार नाही. दुसऱ्यानंही तसाच लिहिला असता हे आम्हा दोघांना मान्य आहे, आणि घरात त्यावर आता बोलणं होत नाही.

सांगायचं की नाही, यावर मात्र त्या रात्री खूप बोलणं झालं. ‘तेव्हा इतकी लहान होती की कुणालाच दिसली नसती,’ असं म्हणून सुटता आलं असतं, आणि आमचे एकदोन सहकारी तसंच म्हणाले. शेवटी आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि जुनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरून दाखवली. मुलगा एक शब्द बोलला नाही. काकूंनी विचारलं, “म्हणजे तेव्हा तुम्ही तिथं बघितलंच नव्हतं का?”

बघितलं होतं. छातीची फिल्म वाचताना वरच्या टोकांवरून नजर जातेच, ती सवय हाडात भिनलेली असते. पण बघितलं होतं म्हणायचं, आणि दिसलं नव्हतं असंही म्हणायचं, हे कुणाला पटावं? खरं सांगायचं तर ते आम्हालाही नीट सांगता येत नव्हतं. त्यानंतर आम्ही या विषयावर वाचायला लागलो. आज आपल्याला जे सांगतो आहोत ते त्या वाचनातलं आहे.

हात लांब करा आणि स्वतःच्या अंगठ्याच्या नखाकडे बघा. डोळा एका वेळी साधारण तेवढ्याच जागेतलं लख्ख बघतो. बाकी सगळं धूसर. पूर्ण मंडप आपल्याला लख्ख दिसतोय असं वाटतं, कारण नजर एका सेकंदात तीनेक उड्या मारते आणि मेंदू ते तुकडे शिवून एकसंध चित्र करून देतो. शिवताना कुठं ठिगळ लावलं ते तो सांगत नाही.

फिलाडेल्फियाचे हॅरोल्ड कुंडेल आणि कॅल्व्हिन नोडीन यांनी रेडिओलॉजिस्टांच्या या उड्या मोजण्यात आयुष्य घालवलं. १९७५ साली त्यांनी अनुभवी रेडिओलॉजिस्टांना छातीचे एक्स-रे फक्त सेकंदाचा पाचवा भाग दाखवले. पापणी लवायलाही साधारण एवढाच वेळ लागतो. तेवढ्यात नजरेला एकही उडी मारता येत नाही. तरी त्यांची उत्तरं सुमारे ७० टक्के बरोबर आली. हवा तेवढा वेळ दिल्यावर ९७ टक्के. म्हणजे आमच्या कामाचा मोठा भाग ‘शोधणं’ नसतोच. दारात पाऊल टाकताच घरात काहीतरी बिनसलंय हे जसं गृहिणीला कळतं, तसं चित्र पडद्यावर येताच काहीतरी खटकतं. मग नजर तिथं जाते. शिकाऊ डॉक्टर फिल्म ओळीनं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत वाचतो. जुना माणूस आधी सगळं एकदम घेतो आणि मग दोनचार जागी थांबतो. हे कौतुकाचं वाटतं, आणि आहेही. पण जे खटकलंच नाही, तिथं जुन्या माणसाची नजर थांबण्याचं कारणही उरत नाही.

याच दोघांनी १९७८ साली आणखी एक काम केलं. फुप्फुसातल्या गाठी शोधताना रेडिओलॉजिस्टांची नजर कुठं गेली, किती वेळ थांबली हे नोंदवलं आणि सुटलेल्या गाठींचे तीन भाग केले. पहिला भाग, जिथं नजर पोचलीच नाही. या सुमारे ३० टक्के. दुसरा, जिथं नजर गेली पण न थांबता पुढे सरकली, सुमारे २५ टक्के. आणि उरलेल्या, जवळजवळ निम्म्या गाठींवर नजर थांबली होती, चांगली रेंगाळली होती, आणि तरी माणसानं ‘काही नाही’ असं ठरवलं होतं.

हे आम्ही पहिल्यांदा वाचलं तेव्हा काकूंच्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्यासारखं वाटलं, पण दिलासा वाटला नाही. उलट वाईटच वाटलं. न बघणं हा आळस असू शकतो, तो सुधारता येतो. बघून, तोलून, नको म्हणणं याला काय करायचं?

ते ‘तोलणं’ काय असतं ते सांगतो. फुप्फुसात रक्तवाहिन्या असतात. समोरून येणारी रक्तवाहिनी एक्स-रेवर गोल पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसते. बरगडी आणि गळ्याचं हाड एकमेकांवर येतात तिथंही असाच ठिपका तयार होतो. जुन्या बऱ्या झालेल्या क्षयाची खूण तशीच दिसते, आणि आपल्या देशात ती कितीतरी छात्यांत सापडते. प्रत्येक ठिपक्याला ‘गाठ असू शकते’ लिहिलं तर रोज दहा माणसांना सीटीला पाठवावं लागेल, त्यातल्या काहींना सुईचा तुकडा काढायला, आणि दहाही घरांत महिनाभर कुणी नीट झोपणार नाही. काहीच लिहिलं नाही तर एखादी काकू सुटेल. म्हणून आम्ही मनात एक उंबरठा ठेवतो, इतका संशय आला तर लिहायचं, त्याखाली नाही. दुसऱ्या महायुद्धात रडारवर बसणाऱ्यांपुढे हाच पेच होता. पडद्यावरचा ठिपका विमान की पक्ष्यांचा थवा? त्या पेचासाठी उभं राहिलेलं गणित पुढे साठच्या दशकात ली लस्टेड यांनी आमच्या विषयात आणलं. गणिताचं तात्पर्य एवढंच की उंबरठा खाली घेतला की खोट्या हाका वाढतात, वर नेला की खऱ्या सुटतात. दोन्ही एकदम कमी करायचं तर डोळाच चांगला लागतो, नाहीतर चित्र तरी.

आणि हा उंबरठा एका जागी राहत नाही, तो आमच्या नकळत सरकतो. बोस्टनचे जेरेमी वुल्फ यांनी २००५ साली साध्या लोकांना विमानतळावर तपासतात तशी सामानाची चित्रं देऊन त्यात हत्यार शोधायला लावलं. निम्म्या चित्रांत हत्यार असलं तर ती ७ टक्के सुटत. शंभरातल्या एकाच चित्रात असलं तर सुटण्याचं प्रमाण ३० टक्क्यांवर गेलं. माणसं तीच, डोळे तेच. सारखं ‘नाही, नाही, नाही’ म्हणायची सवय लागली की ‘आहे’ म्हणायला जीभ जड होते. कामावर रुजू होण्यासाठी लागणाऱ्या तंदुरुस्तीच्या दाखल्याकरता जे एक्स-रे येतात, ते वाचताना आम्हाला नेमकी याचीच भीती वाटते.

याच वुल्फ यांनी ट्रॅफ्टन ड्रू आणि मेलिसा व्हो यांच्याबरोबर २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. आपल्यापैकी काहींनी तो चेंडू फेकणाऱ्या मुलांचा आणि मधून जाणाऱ्या गोरिलाचा व्हिडिओ पाहिला असेल. पास मोजायला सांगितलं की निम्म्या लोकांना गोरिला दिसत नाही. तोच गोरिला या लोकांनी फुप्फुसाच्या सीटीत घातला. २४ रेडिओलॉजिस्ट, काम गाठी शोधण्याचं, आणि शेवटच्या रुग्णाच्या फुप्फुसात मूठ उगारलेला गोरिला. आकारानं सरासरी गाठीच्या ४८ पट. २४ पैकी २० जणांना तो दिसला नाही. त्या वीसांपैकी १२ जणांची नजर थेट त्याच्यावर पडलेली यंत्रानं नोंदवली होती.

वर्तमानपत्रांनी यावर खूप हसून घेतलं. आम्हाला वाटतं ते थोडं अन्यायाचं झालं. गोरिला शोधायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि गाठी शोधण्यात हीच मंडळी सामान्य माणसांच्या कितीतरी पुढे होती. सामान्य माणसांपैकी तर एकालाही गोरिला दिसला नाही. आपल्या इंदूरची अनंत चतुर्दशीची रात्र घ्या. झांक्यांच्या गर्दीत हात सुटलेलं लाल शर्टातलं पोर आपण शोधत असतो तेव्हा हिरव्या शर्टातला सख्खा मामा समोरून गेला तरी दिसत नाही. त्याबद्दल मामानं रुसू नये. लाल शोधण्यासाठी डोळ्यानं हिरवं बाहेर ठेवलेलं असतं, आणि तसं ठेवलं नाही तर पोर सापडणार नाही. पण फुप्फुसात मामाही सापडावा लागतो, ही आमची अडचण.

काकूंच्या बाबतीत झालं ते याच्याच जवळचं. आमच्या विषयात त्याला ‘शोधाचं समाधान’ म्हणतात. विल्यम टडनहॅम यांनी १९६२ मध्ये याबद्दल लिहिलं. एक गोष्ट सापडली की मन तृप्त होतं आणि दुसरी शोधण्याची धार जाते. कागदावर डावी बाजू लिहिलेली, डाव्या बाजूला चीर मिळाली, दुखण्याचं कारण जुळलं. त्यानंतर उजव्या टोकावरून नजर फिरली असेलच. पण ती जेवण झाल्यावर ताटावरून फिरते तशी.

आणि हे आजचं नाही. १९४०च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगासाठी हजारो छात्यांचे फोटो काढले जात होते, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या एल. हेन्री गार्लंड यांनी दाखवून दिलं की नामांकित रेडिओलॉजिस्टसुद्धा रोग असलेल्या फिल्मपैकी सुमारे ३० टक्के सोडून देतात. त्यांच्याच व्यवसायातल्या लोकांना ते रुचलं नाही. त्यानंतर यंत्रं कुठल्या कुठे गेली. पूर्वी एका फिल्मकडे बघायचो, आता एका छातीच्या सीटीत तीनशे-चारशे चित्रं असतात आणि उंदराचं चाक फिरवत त्यांतून वरखाली जावं लागतं. त्याचा फायदा असा की रक्तवाहिनी या चित्रातून त्या चित्रात लांबत जाते, गाठ मात्र उगवते आणि मावळते. तोटा असा की चारशे चित्रांच्या प्रत्येक कोपऱ्यावर नजर पडणं शक्यच नाही.

मग आता प्रत्येकजण विचारतो तो प्रश्न: संगणक हे काम करणार नाही का? करायला लागला आहे. स्वीडनमध्ये ८० हजार स्त्रियांच्या मॅमोग्राफीवर झालेल्या अभ्यासाचे निकाल २०२३ मध्ये आले. तिथं एरवी प्रत्येक फोटो दोन डॉक्टर वाचतात. संगणकाच्या मदतीनं वाचनाचं काम ४४ टक्के कमी झालं आणि सापडलेले कर्करोग कमी झाले नाहीत, थोडे जास्तच सापडले. आम्ही याच्या विरोधात नाही. रात्री अकरा वाजता न थकलेला दुसरा डोळा कुणाला नको आहे?

पण त्याच वर्षी जर्मनीतून दुसरा अभ्यास आला. तिथं २७ रेडिओलॉजिस्टांना मॅमोग्राम वाचायला दिले आणि शेजारी ‘संगणकाचं मत’ म्हणून एक उत्तर ठेवलं, जे काही वेळा मुद्दाम चुकीचं होतं. मत बरोबर असताना नवशिके सुमारे ८० टक्के बरोबर होते. मत चुकीचं दिलं तेव्हा २० टक्क्यांवर आले. खूप अनुभवी असलेलेही ८२ वरून ४६ पर्यंत घसरले. बाजूला लिहिलेल्या शब्दानं डोळ्यासमोरचं चित्र बदललं. काकूंच्या कागदावर ‘डावी बाजू’ लिहिली होती, त्याचीच ही मोठी बहीण.

याचा अर्थ कागदावर काही लिहूच नये असा मात्र घेऊ नका. आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा जेमतेम दोन शब्द असतात, कधी तेही नसतात. रुग्णाला आधी क्षय झाला होता, वजन उतरतंय, वडील फुप्फुसाच्या कर्करोगानं गेले, यातलं काही कळलं तर आमचा तो उंबरठा योग्य दिशेला सरकतो. काकू पंचवीस वर्षं बंद स्वयंपाकघरात आधी चुलीवर आणि मग रॉकेलच्या स्टोव्हवर स्वयंपाक करत होत्या, हे आम्हाला नंतर कळलं. आपण सांगितलंत तर टेक्निशियन लिहून घेतो. नाही घेतलं तर हट्ट करा.

दुसरं, जुन्या फिल्म. गादीखाली ठेवू नका, त्या चिकटतात. कपाटावर धूळ खात असल्या तरी चालेल, पण येताना घेऊन या. पाच वर्षांपूर्वी तसाच असलेला ठिपका आणि आज नव्यानं आलेला ठिपका यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि ते एका चित्रावरून कधीच कळत नाही. ‘जुनं कशाला, नवीनच बघा ना’ असं काउंटरवर रोज ऐकू येतं.

इस्रायलमधल्या काही रेडिओलॉजिस्टांनी केलेला एक छोटा प्रयोग २००८ मध्ये शिकागोच्या परिषदेत मांडला गेला होता. सीटीच्या फाइलला रुग्णाच्या चेहऱ्याचा फोटो जोडला, तेव्हा रिपोर्ट जास्त बारकाईनं लिहिले गेले असं त्यांना आढळलं. आम्हाला त्यात नवल वाटलं नाही. आमच्या पडद्यावर नाव, वय आणि एक नंबर असतो. काकूंची फिल्म त्या संध्याकाळी वाचली तेव्हा ती काकूंची आहे हेही आमच्या लक्षात आलं नव्हतं, आडनावावरून यायला हवं होतं.

आम्ही काय बदललं? फार थोडं. चीर मिळाली, पाणी मिळालं, काहीही मिळालं, की हात कीबोर्डवरून काढायचा आणि फिल्म पुन्हा पहिल्यापासून वाचायची: दोन्ही टोकं, हृदयाच्या मागे, पडद्याच्या खाली, कडा. अवघड फिल्म एकमेकांना द्यायच्या, स्वतःचं मत न सांगता. संध्याकाळी सातनंतर दाखल्यांचे एक्स-रे वाचायचे नाहीत, ते सकाळी. यानं उत्पन्न थोडं कमी होतं आणि टेक्निशियन कुरकुरतो.

काकूंच्या फुप्फुसाचा वरचा भाग काढला, औषधांचे चार डोस झाले. आता ठरलेल्या मुदतीनं सीटी असतं. त्यांनी दुसरीकडे जायला हवं होतं असं आम्हालाच वाटायचं, आम्ही तसं सुचवलंही. त्या आमच्याकडेच येतात. आम्ही दोघं वेगवेगळ्या खोल्यांत बसून ते वाचतो आणि मग कागद समोरासमोर ठेवतो. मागच्या वेळी एका कागदावर एक छोटा ठिपका होता, दुसऱ्यावर नव्हता. दोन तास वाद झाला. तीन महिन्यांनी परत पाहायचं ठरलं, आणि तसं काकूंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे दिवाळीनंतर ना? मग ठीक आहे.”

आरतीची वेळ होत आली, कार्यवाह घड्याळ दाखवताहेत. प्रश्न प्रसाद घेताना विचारा. मागच्या रांगेत तीन-चार पिवळी पाकिटं मघापासून दिसताहेत. इथं, या रोषणाईत आम्ही कुणाचीही फिल्म वाचणार नाही, रागवू नका. उद्या सकाळी दहानंतर या. जुन्याही घेऊन या.